चाळीतून टॉवरमध्ये आलात? मग नव्या घरातले छोटे आनंद सांगा

पॅसेजवाली

चाळ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लाकडी कठड्याची गॅलरी येते. आमच्या वरळीच्या बीडीडीत गॅलरी नव्हती. मधोमध लांब पॅसेज, दोन्ही अंगांना समोरासमोर खोल्या, मजल्यावर वीस बिऱ्हाडं. तळमजला धरून चार मजले, म्हणजे एका इमारतीत ऐंशी दारं. पॅसेजमधला दिवा भर दुपारीही चालू असायचा. तांदूळ निवडणं, वेणीफणी, मुलांचे पाढे, भांडणं आणि त्याच संध्याकाळी त्या भांडणांचा समेट, सगळं तिथंच.

ज्यांना बीडीडी म्हणजे काय ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९२० साली मुंबई सरकारनं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचं खातं काढलं, त्याच्या या चाळी. शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया जकात बसवून पैसा उभा केला आणि वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथं मिळून २०७ इमारती बांधल्या. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. खोली १६० चौरस फुटांची, आत एक मोरी, संडास मजल्यावर सगळ्यांचे मिळून.

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या दिल्या गेल्या, त्यांत आम्ही. आता ५०० चौरस फुटांचं दोन बेडरूमचं घर, चाळीस मजली इमारतीत एकोणिसावा मजला.

तेव्हापासून जो भेटतो तो "नशीब काढलंत" म्हणतो, नाहीतर "चाळीची मजा गेली हो" म्हणतो. दोन्ही खरं आहे. पण नवीन घरात रोज नेमकं काय आवडतं, हे कोणी विचारत नाही. मला ते सांगावंसं वाटतं, आणि तुमच्याकडूनही ऐकायचंय.

सगळ्यात पहिला आनंद सासूबाईंचा. रात्री उठावं लागलं तर आता त्यांना कोणाला हाक मारावी लागत नाही. चाळीत त्या मला उठवायच्या, मी बॅटरी घेऊन बरोबर जायची, पावसाळ्यात पॅसेज ओला असायचा. संध्याकाळी सहानंतर त्या चहा घ्यायच्याच नाहीत, कारण रात्रीची भीती. आता रात्री जेवणानंतर अर्धा कप चहा मागतात आणि तो खिडकीत बसून सावकाश पितात. वयाच्या ऐंशीनंतर माणसाला रात्रीचा चहा परत मिळाला, ही गोष्ट मला घराच्या किमतीपेक्षा मोठी वाटते.

दुसरा आनंद पावसाचा. चाळीत पाऊस आला की कळायचा, इथं तो येताना दिसतो. समुद्रावर आधी राखाडी पट्टा उभा राहतो, मग वरळी नाक्याकडच्या इमारती पुसट होतात, आणि आमच्या खिडकीपर्यंत सर पोचेतो दोरीवरचे कपडे आत घ्यायला पुरेसा वेळ मिळतो. मुलगा ओरडतो, "आई, पाच मिनिटांत!" आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबर येतं.

तिसरा आनंद पिंपाचा. पहाटे चारला पाणी भरायची सवय हाडात मुरलेली, त्यामुळे निळं पिंप आम्ही बरोबर आणलंच. नळाला हवं तेव्हा पाणी येतं म्हटल्यावर ते रिकामं उभं होतं. एके दिवशी सासूबाईंनी ते घासूनपुसून वाळवलं आणि त्यात गावाहून आलेला वर्षाचा तांदूळ भरला, वर कडुलिंबाचा पाला. इतका तांदूळ एकदम ठेवायला आम्हाला कधी जागाच नव्हती. सवय तीच, पिंप तेच, फक्त काम बदललं.

आता जे आपसूक आलं नाही ते. सुरुवातीला सगळी दारं बंद असायची. चाळीतले शेजारी सोडतीत वेगवेगळ्या मजल्यांवर गेलेले, समोरचं कुटुंब ओळखीचं नाही, लिफ्टमध्ये जो तो आकडे बघत उभा. आमच्या मजल्यावरच्या एका काकूंनी साधी गोष्ट केली. संध्याकाळी सहा ते सात सेफ्टी डोअर लावून घ्यायचं आणि आतलं दार उघडं टाकायचं. भाजी निवडायला दारातच बसायचं. मी पण तेच सुरू केलं, मग समोरच्यांनी केलं. आता मजल्यावरची निम्म्याहून जास्त दारं त्या वेळेला उघडी असतात आणि कोणाकडे काय शिजतंय ते पुन्हा कळायला लागलंय.

माझं म्हणणं एवढंच की घर मिळालं म्हणून शेजार मिळत नाही, तो थोडा ठरवून करावा लागतो. चाळीत जागाच इतकी कमी होती की माणूस बाहेर यायचाच. इथं त्याला बाहेर यायला कारण द्यावं लागतं.

तुमचं काय? चाळ, वाडा, गावचं घर, बैठं क्वार्टर, जे सोडून आला असाल ते. नव्या जागी काय आवडलं, आणि ते आवडावं म्हणून काय केलंत?

दुसरी_पाळी

ताई, धागा काढलात ते छान केलंत. मी ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडीतला. आमचं घर अजून व्हायचंय, पण वडिलांना घेऊन मी सध्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, त्यामुळे अर्धा अनुभव आहे.

वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे. मुंबईत आले तेव्हा गावकीच्या खोलीत राहायचे. एका खोलीत एका गावचे वीस-पंचवीस जण. ते शक्य व्हायचं ते पाळ्यांमुळे. पहिली पाळीवाले कामावर गेले की रात्रपाळीवाले त्याच जागेवर पथारी टाकायचे. प्रत्येकाला एक ट्रंक आणि भिंतीत एक खिळा. जेवण खानावळवाल्या बाईकडे, हिशोब पगाराला. त्या खानावळवाल्या बायकांनीच पुढं १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, प्रेमा पुरव यांच्या पुढाकारानं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर ती खोली हळूहळू रिकामी झाली. अर्धे लोक गावाला गेले ते परत आलेच नाहीत.

तुम्ही आनंद विचारलाय, तर वडिलांचा सांगतो. नव्या जागेत त्यांना स्वतःचं कपाट दिलं. त्यांनी ते वापरलंच नाही. दोन दिवसांनी म्हणाले, "मला भिंतीत एक खिळा मारून दे." घरमालकाला विचारून मारला. त्यावर त्यांचा सदरा, टोपी आणि कापडी पिशवी. सकाळी फिरायला जाताना त्या तीन वस्तू उचलतात, आल्यावर तिथंच अडकवतात. कपाटात आता माझ्या मुलीची वह्या-पुस्तकं आहेत आणि दोघंही खूश आहेत.

आणि दुपारची झोप. जन्मभर पाळीत झोपलेला माणूस. दिवसाढवळ्या, खिडकीखालच्या पलंगावर, कोणी उठवणार नाही अशी झोप ते आता घेतात. त्या तासात आमच्याकडे मिक्सर लागत नाही.

उंबरठा

पॅसेजवाली ताई, तुमच्या सासूबाईंचा चहा वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण एक गोष्ट मनापासून सांगायची आहे.

चाळीच्या आठवणी काढताना माणसं कॅरम, गणपती, एकमेकांच्या वाट्या सांगतात. मी लग्न होऊन चाळीत आले. एका खोलीत सासू-सासरे, दीर, आम्ही दोघं. पोटमाळ्यावर आमचा संसार. कपडे बदलायला मोरीचा पडदा. माहेरी फोनवर बोलायचं तर जिन्यात जायचं, तिथंही कोणीतरी असायचंच. बाईला रडायलासुद्धा जागा नव्हती.

त्यामुळे मला सगळ्यात मोठा आनंद बंद दाराचा आहे. दुपारी सगळे बाहेर गेले की मी दार लावते, कडी घालते आणि तासभर कोणासाठीच काही करत नाही. मासिक वाचते किंवा नुसती पडून राहते. मुलगी बारावीला आहे, ती तिच्या खोलीत दार लावून अभ्यास करते. मी तिच्या वयाची असताना आत्याच्या घरच्या गोंगाटात, कानात बोळे घालून परीक्षा दिली होती.

तुमची सहा ते सातची कल्पना चांगली आहे, पण ज्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कडी मिळाली आहे तिला "दार उघड" म्हणताना जपून म्हणा एवढीच विनंती.

पॅसेजवाली

उंबरठाताई, तुमचं शब्द न् शब्द पटलं. पोटमाळ्याचे दिवस मीही काढलेत.

आमच्याकडे न ठरवता एक रीत पडली आहे ती सांगते. आतलं दार सताड उघडं असलं तर बेल न वाजवता "काय चाललंय?" विचारायचं. दार नुसतं लोटलेलं असलं तर काम असेल तरच बेल. आणि बंद असलं तर फोन करायचा, तोही मेसेज टाकून. याच्या पाट्या लावल्या नाहीत की ग्रुपवर नियम टाकले नाहीत. बघता बघता सगळ्यांना कळलं. आमच्या मजल्यावर एक नवं लग्न झालेलं जोडपं आहे, त्यांचं दार कधीच उघडं नसतं आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. चाळीत असतं तर काढला असता, हे मात्र खरं.

मला वाटतं इथला खरा नवा आनंद हाच आहे, की दार उघडायचं की नाही ते आपण ठरवायचं.

सदाशिवातला

पुण्यातून लिहितोय. आमचा वाडा पाडून त्या जागी इमारत झाली त्याला बरीच वर्षं झाली. आजी सांगायची की १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे गेले आणि तेव्हापासूनच पुणं वाड्यांतून बाहेर पडायला लागलं. लोकमान्यनगर, सहकारनगर, दत्तवाडी या भागांत पूरग्रस्त गेले. म्हणजे वाडा सोडून नव्या जागी रमणं हे आमच्या शहरानं एकदा सक्तीनं शिकून घेतलेलं आहे.

वाड्यात हौद होता आणि हौदाच्या कठड्यावर संध्याकाळी म्हातारी माणसं बसायची. इमारत बांधताना बिल्डरनं विचारलं, जुनं काय ठेवायचं? कोणी कोरीव तुळई म्हणालं, कोणी दिंडीदरवाजा. वडिलांनी हौदाचा दगडी कठडा मागितला. तो आता पार्किंगच्या तोंडाशी आडवा टाकलाय. भाजीवाली तिथंच पाटी टेकवते, शाळेच्या रिक्षाची वाट बघणारी मुलं तिथंच बसतात, आणि सकाळी पेपर आधी तिथं वाचला जातो, मग वर जातो. तुळई जपली असती तर ती कोणाच्या तरी दिवाणखान्यात गेली असती.

नवीन बांधकाम चालू असेल त्यांना कळकळीनं सांगतो, खाली बसायची जागा मागून घ्या. नकाशात ती नसते. मागितली तर मिळते.

सिंगापूरहून

सदाशिवातले म्हणतात ते इथं फार मोठ्या प्रमाणात केलं गेलंय, म्हणून लिहिते.

सिंगापूरमध्ये १९६० साली हाउसिंग अँड डेव्हलपमेंट बोर्ड, म्हणजे एचडीबी, स्थापन झालं. त्याआधी लोक कंपोंगांत, म्हणजे पत्र्या-झापांच्या वस्त्यांत राहायचे. दारं उघडी, कोंबड्या अंगणात, सगळे एकमेकांचे. तिथून त्यांना उंच इमारतींत हलवलं. आज दहातले जवळपास आठ रहिवासी एचडीबीच्या घरांत राहतात, आम्हीही भाड्यानं अशाच एका घरात आहोत.

माणसं दार लावून बसतील ही भीती इथंही होती. त्यावर एक उपाय झाला तो मला फार आवडतो. इमारतीचा तळमजला मोकळा सोडायचा, नुसते खांब. त्याला इथं व्हॉइड डेक म्हणतात. सत्तरच्या दशकापासून बहुतेक इमारतींखाली तो आहे. शनिवारी-रविवारी तिथं मलय लग्नाचा मांडव असतो, बिर्याणीची पातेली लागतात. एखाद्या घरी माणूस गेलं की त्याच जागी चिनी कुटुंब दिवसरात्र बसतं, शेजारीपाजारी येऊन टेकतात. एरवी म्हातारे बुद्धिबळ मांडून बसलेले असतात.

तुमच्या लिफ्टवरून आठवलं, इथल्या जुन्या इमारतींत लिफ्ट सगळ्या मजल्यांवर थांबायची नाही. ठरावीक मजल्यांवरच थांबायची, तिथून जिना उतरायचा किंवा चढायचा. म्हाताऱ्या माणसांचे हाल व्हायचे म्हणून २००१ पासून सरकारनं मजल्यामजल्यावर लिफ्ट थांबेल अशी सुधारणा सुरू केली. आमच्या शेजारच्या आजींना विचारलं तर त्यांना त्या काळची मजा वाटते, कारण उतरता उतरता मधल्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे थांबता यायचं! पण गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनीही लिफ्टलाच कौल दिला.

माझा स्वतःचा छोटा आनंद म्हणजे पॅसेजमधल्या कुंड्या. कढीपत्ता, पांदान नावाचं सुवासिक पानांचं झाड, मिरची. वाट १.२ मीटर मोकळी ठेवायची हा अग्निशमन दलाचा नियम, तो पाळला की कोणी काही म्हणत नाही. कढीपत्ता आमचा, पण तोडणारे चार घरचे. त्याच्या बदल्यात ईदला डबा येतो.

अंगणवाला

वर्ध्याचा आहे मी. आमचं कवेलूचं घर होतं, पुढं अंगण, मागं विहीर. आई आता नागपुरात माझ्याकडे, तिसऱ्या माळ्यावर.

आली तेव्हा पहिल्या दिवशी पहाटे पाचला उठली आणि विचारलं, "सडा कुठं टाकू?" मला उत्तर सुचलं नाही. दारापुढं चकचकीत टाइल्स, तिथं शेणाचा सडा टाकायचा कसा? आठ दिवस गप्प गप्प होती. मग माझ्या बायकोनं शहाबादी फरशीचा एक चौकोनी तुकडा आणला आणि दाराच्या बाजूला ठेवला. आई रोज तो पुसते, गेरू लावते आणि त्याच्यावर ठिपक्यांची रांगोळी काढते. अंगणाएवढी रांगोळी हातभर झाली, पण हात थांबला नाही. आता शेजारची लेक रोज शाळेत जायच्या आधी येऊन रंग भरते आणि आई तिच्यासाठी एक ठिपका मुद्दाम रिकामा ठेवते.

उन्हाळ्याचं तर विचारूच नका. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते. गावाकडं संध्याकाळी अंगणात पाणी मारायचं, खाटा टाकायच्या, चांदण्या मोजत झोपायचं. इथं कूलरला वाळ्याच्या ताट्या लावल्या की आई म्हणते, "हा वास आला म्हणजे घर झालं." आणि गच्ची आहे ना! मागच्या उन्हाळ्यात आईनं सोसायटीतल्या बायांना गोळा करून गच्चीवर कुरडया, सरगुंडे, मुगवड्या केल्या. ज्या बायांना एकमेकींची नावं माहीत नव्हती त्या पहाटे चारला गव्हाचा चीक हाटायला एका चुलीभोवती होत्या. गॅस शेगडी होती खरं तर, पण चूलच म्हणायच्या सगळ्या.

लिफ्टमधला_पोरगा

मी पॅसेजवालीताईंच्याच टॉवरमधला, वय बावीस. मोठी माणसं बोलताहेत म्हणून वाचत होतो, पण आमच्या बाजूचं पण लिहितो.

पॅसेजमधलं अंडरआर्म क्रिकेट हे आमचं सगळ्यात मोठं नुकसान. त्याचे नियम फक्त आमच्या मजल्याला माहीत. बॉल आजीच्या दारात गेला की आऊट, आजी झोपलेली असेल तर अख्खी टीम आऊट. दहीहंडी आणि नवरात्र जांबोरी मैदानावर अजून आहे, त्याची काळजी नाही. पण रोजचं खेळणं गेलं होतं.

आम्ही पोरांनी पोडियमवर, म्हणजे टॉवरच्या खालच्या पार्किंगच्या मजल्यांवर, जागा शोधली. दोन खांबांमधली, गाड्या नसलेली. सोसायटीच्या कमिटीशी बोललो, वेळ ठरवून घेतली, बॉल रबरी. आणि लहान मुलांना आधी खेळू द्यायचं, मग आम्ही. आता खाली खेळताना वरून सगळ्या मजल्यांवरची माणसं बघतात, त्यामुळे प्रेक्षक चाळीपेक्षा जास्त.

माझा दुसरा आनंद लिफ्टचा. आमच्या मजल्यावरच्या आजीला लिफ्टची भीती वाटायची. मी कॉलेजला जाताना तिला खाली सोडायचो. ती लिफ्टमध्ये प्रत्येकाला "कितवा माळा? कुठल्या चाळीतले?" विचारते. पहिल्यांदा लोक बुजायचे. आता लोकच तिला विचारतात, "आजी, आज कोण नवीन भेटलं?" या टॉवरमध्ये कुठल्या मजल्यावर कुठल्या चाळीतलं कोण आलंय याची यादी कमिटीकडे नसेल इतकी आजीकडे पक्की आहे.

ताई, एक अडचण. तुम्ही दार उघडं ठेवायला सांगता, पण आमच्याकडे वारा एवढा येतो की दार धाडकन आपटतं. परवा बाबांचं बोट थोडक्यात वाचलं.

शिडी_आणि_शिट्टी

मी अग्निसुरक्षा यंत्रणेच्या देखभालीचं काम करतो, त्यामुळे इथं बोलणं माझं कामच आहे.

घराचं दार सहा ते सात उघडं ठेवा, खुशाल ठेवा. पण जिन्याचं जे जाड, आपोआप मिटणारं दार असतं त्याला कधीही वीट किंवा कुंडी लावून उघडं ठेवू नका. आग लागली तर धूर जिन्यात शिरू नये म्हणून ते असतं. पुष्कळ ठिकाणी लोक हवा येते म्हणून ते अडकवून ठेवतात आणि जिन्यात जुनं कपाट, सायकली, चपलांचं स्टँड ठेवतात. चाळीतून आलेल्या माणसाला पॅसेज म्हणजे घराचाच भाग वाटतो, ते मी समजू शकतो. माझंही बालपण चाळीतलंच. पण उंच इमारतीत जिना हीच वाट.

तसंच रेफ्युज एरिया. मधल्या काही मजल्यांवर तो मोकळा भाग असतो तो कॅरमसाठी नाही, संकटाच्या वेळी लोकांनी थांबावं म्हणून असतो. तिथं उभं राहून समुद्र बघा, गप्पा मारा, पण सामान ठेवू नका.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे सोसायटीनं वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून बी फॉर्म, म्हणजे ती चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यायचा असतो. नवी इमारत असली तरी सवय आतापासूनच लावा. तपासणीच्या दिवशी लहान मुलांना बरोबर घ्या. होज रील, म्हणजे आगीसाठीची गुंडाळलेली नळी, उघडून पाणी मारताना बघणं हा त्यांच्यासाठी सणच असतो, आणि कुठलं दार का मिटतं ते कायमचं लक्षात राहतं.

दुसरी_पाळी

हे वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, गिरणीतही कापसाच्या आगीची भीती असायची, वाळूच्या बादल्या टांगलेल्या असायच्या आणि त्यांच्याजवळ सामान ठेवलं की जॉबर, म्हणजे मुकादम, ओरडायचा. त्यांना शिडी_आणि_शिट्टी यांचं म्हणणं एकदम पटलं.

उंबरठाताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचायला दिला. तिनं काही न बोलता आतून कडी लावून घेतली आणि दुपारभर झोपली. चहा मी केला.

पॅसेजवाली

दुसरी_पाळी दादा, रोज करा!

लिफ्टमधल्या पोरा, तुझ्या आजीला आमच्या मजल्यावर घेऊन ये, सासूबाई आमच्या जुन्या चाळीतल्या कोणाला तरी शोधताहेत. आणि दाराच्या वाऱ्यावर उपाय ठरलाय. संक्रांतीचं हळदीकुंकू या वेळी प्रत्येकीनं घरोघर न करता मजल्यानं मिळून करायचं. वाण काय द्यायचं यावर बरीच चर्चा झाली. प्लॅस्टिकचे डबे नकोत, चमचे नकोत, ते सगळ्यांकडे ढिगानं आहेत. शेवटी दाराखाली सरकवायचे रबरी गुटके वाण म्हणून द्यायचं ठरलं. दादरच्या हार्डवेअरच्या दुकानात घाऊक घेतले तर स्वस्त पडतात. दुकानदारानं विचारलं, "नवीन बिल्डिंग का?" आणि दोन गुटके वरती दिले. शिडी_आणि_शिट्टी यांनी सांगितलंय तसं, वाण देताना प्रत्येकीला सांगणार आहोत की हा गुटका फक्त घराच्या दाराला, जिन्याच्या दाराला नाही.

उंबरठा

वाण फार आवडलं! माझ्या मजल्यावर मीही सुचवते. आमच्याकडे तिळगुळाचं काम माझ्याकडे आलंय. दरवर्षी घरापुरते करते, या वेळी सगळ्या मजल्याचे करायचेत. कडक होऊ नयेत म्हणून प्रमाण सांगाल का?

पॅसेजवाली

अर्धा किलो तिळाला अर्धा किलो चिक्कीचा गूळ, एक मोठी वाटी दाण्याचं भरड कूट, अर्धी वाटी भाजलेलं किसलेलं खोबरं, वेलदोडा आणि दोन चमचे साजूक तूप. तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, त्यापुढे नाही. गूळ तुपात विरघळला आणि फेस आला की वाटीभर पाण्यात थेंब टाकून बघायचा, मऊ गोळी वळली की लगेच गॅस बंद. पाक पुढं गेला की लाडू दगड होतात. मऊच हवे असतील तर निम्मा चिक्कीचा आणि निम्मा साधा गूळ घ्या.

मिश्रण गरम असतानाच वळावं लागतं, त्यामुळे एकटीनं करू नका. चार-पाच जणी लागतील, हाताला लावायला पाणी घेऊन. पातेलं मोठं हवं असेल तर आमच्या चाळीतल्या मंडळाची पातेली माझ्या बेडरूमच्या माळ्यावर आहेत. लिफ्टमधल्या पोराला पाठवा, तो आणून देईल.